लहान पावलाचे मोल : आत्मनिंदेच्या निरसनाचे विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

स्वतःला सुधारू पाहणारा माणूस बहुधा दोन कामे एकदम अंगावर घेतो. एक सुधारणेचे, आणि दुसरे अजून सुधारलो नाही म्हणून स्वतःला दूषणे देत राहण्याचे. दुसऱ्या कामामुळे पहिल्याला जोर मिळतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. दिवसाला शंभर पाने वाचायची असे त्याने ठरवले होते, वाचून झाली तीस. रात्री खोलीवर परतताना त्या तीस पानांत काय कळले याची उजळणी तो करत नाही. राहिलेली सत्तर पाने मोजतो आणि ‘आपल्यात दमच नाही’ असा निकाल देऊन झोपतो. सकाळी पुस्तक उघडताना हा निकाल त्याच्या मानेवर बसलेलाच असतो.

असा निकाल बदलतो कशाने? इतरांच्या कौतुकाने तो फारसा हलत नाही आणि स्वतःला दिलेल्या धीराच्या शब्दांनीही हलत नाही. तो पुराव्याने हलतो, आणि सामान्य माणसाच्या हाती रोज येऊ शकणारा पुरावा म्हणजे पूर्ण केलेले लहान पाऊल. मात्र ते पाऊल पुरावा म्हणून उभे राहायचे असेल, तर ते मोजण्याची रीत आत्मनिंदेच्या रीतीहून वेगळी असावी लागते. ही रीत कोणती आणि ती का लागू पडते, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. आत्मपरीक्षण आणि आत्मनिंदा

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आत्मपरीक्षणाचा विषय असते कृती. काय चुकले, कशामुळे चुकले, पुढच्या वेळी काय बदलायचे, एवढेच ते विचारते. आत्मनिंदेचा विषय असतो कर्ता. ‘आज वेळेचा अंदाज चुकला’ हे परीक्षण झाले. ‘मी कुचकामी आहे’ ही निंदा झाली. दोन्ही ओळखण्याची कसोटी सोपी आहे : विचार संपल्यावर उद्या करण्याजोगी एखादी गोष्ट हाती उरते का? उरली तर ते परीक्षण होते. नुसती शरम उरली तर ती निंदा होती.

आत्मनिंदेचेही प्रकार आहेत. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिची दोन रूपे वेगळी केली. पहिल्या रूपात माणसाला स्वतःचा अपुरेपणा खुपतो, दुसऱ्यात त्याला स्वतःची घृणा वाटते. तिची प्रयोजनेही त्यांनी दोन सांगितली : स्वतःला सुधारणे आणि स्वतःला शिक्षा करणे. हा भेद उपायाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्या रूपात सुधारण्याची इच्छा जिवंत असते, फक्त तिने चुकीचे साधन हाती धरलेले असते. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या पहिल्या रूपाविषयी आहे.

आपल्या परंपरेत स्वदोषांची कबुली नवी नाही. तुकारामांच्या अभंगांत ती फार कठोरपणे येते. पण ती कबुली विठ्ठलासमोर दिलेली असते आणि त्याच्याशी असलेले नाते तिच्या मुळाशी असते. ऐकणारा कोणी आहे, तो आपल्याला टाकणार नाही, हा आधार असल्याने कबुलीतून माणूस मोकळा होऊ शकतो. खोलीत एकट्याने स्वतःवर खटला चालवणाऱ्याला हा आधार नसतो. तिथे आरोप करणारा, शिक्षा देणारा आणि ती भोगणारा हे तिघेही तोच असतो.

३. आत्मनिंदेची यंत्रणा

आत्मनिंदा तीन प्रक्रियांवर चालते. त्या एकमेकींना धरून असतात, म्हणूनच ती इतकी चिवट ठरते.

पहिली प्रक्रिया म्हणजे शिक्का मारणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली, तिच्या गाभ्याशी या प्रक्रियेचे खंडन आहे. महाराष्ट्रात ही पद्धती किशोर फडके यांनी रुजवली आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. एलिस यांचे म्हणणे असे की कृतीचे मोजमाप करता येते, पण अख्ख्या माणसाचे करता येत नाही. माणूस म्हणजे असंख्य कृती, गुण, सवयी आणि शक्यता यांचा सतत बदलणारा समुच्चय. एका नापास पेपरावरून या साऱ्या समुच्चयाला ‘नालायक’ ठरवणे हे तर्काच्या दृष्टीनेच चूक आहे. म्हणून कृती चांगली की वाईट हे जरूर ठरवावे, स्वतःला मात्र विनाअट स्वीकारावे, असे ते सांगत.

दुसरी प्रक्रिया म्हणजे टोकाचे मापन. बोधनिक उपचारपद्धतीचे जनक आरन बेक यांनी नैराश्यग्रस्तांच्या विचारांत ‘सगळे किंवा काहीच नाही’ ही घडण पुन्हा पुन्हा दिसते, असे दाखवले. या मापावर शंभर पाने हे यश असते आणि नव्व्याण्णवांपासून शून्यापर्यंत सारे अपयशच. कॅरेन हॉर्नी यांनी १९५० मध्येच ‘मी असे असायलाच हवे’ या आंतरिक हुकमांची जुलमी सत्ता वर्णिली होती. हुकूम पाळला जातो किंवा मोडला जातो, अर्धा पाळण्याची सोय त्यात नसते. स्पर्धा परीक्षेच्या निकालाची रीतही अशीच आहे. मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांत मिळून चार-दोन गुणांनी हुकलेला उमेदवार यादीबाहेरच असतो. निवडीसाठी अशी रेषा आखावी लागते, हे खरे. पण तीच रेषा माणूस स्वतःच्या रोजच्या दिवसावर ओढू लागला, की त्याचे बहुतेक दिवस नापास होतात.

तिसरी प्रक्रिया म्हणजे जमा बाजू खोडणे. तीस पाने वाचली ना, असे कोणी विचारले तर उत्तर येते, ‘ती सोपी होती’ किंवा ‘तेवढी कोणीही वाचेल’. वाईटाचा ठसा चांगल्याहून खोल उमटतो, हे रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक क्षेत्रांतले संशोधन एकत्र करून मांडले आहे. म्हणजे जमा आणि खर्च समान असले तरी मनाला खर्चच मोठा दिसतो. आत्मनिंदा या नैसर्गिक कलाला नियमाचे रूप देते.

आता तिन्ही जोडून पाहा. आदर्श इतक्या दूर ठेवला जातो की आजची प्रगती शून्य ठरते. शून्यावरून शिक्का बसतो. शिक्क्याविरुद्ध जाणारा पुरावा आला की तो खोडला जातो. वर्तुळ पूर्ण होते. ‘तू हुशार आहेस’ या कौतुकाने ते तुटत नाही, कारण कौतुकही अख्ख्या माणसावर मारलेला शिक्काच असते आणि जुना शिक्का त्याला सहज हरवतो. वर्तुळ तोडायचे तर ज्याबद्दल वाद घालता येणार नाही, इतकी ठोस आणि इतकी मर्यादित वस्तू त्यात आणावी लागते.

४. लहान पाऊल का लागू पडते

अशी वस्तू कोणती, हे दाखवणारा एक प्रयोग अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. सात ते दहा वर्षांची, गणितात फार मागे पडलेली आणि त्याची गोडी नसलेली मुले त्यांनी निवडली. वजाबाकी शिकवणारी ४२ पानांची सामग्री मुलांनी सात बैठकांत स्वतः सोडवायची होती. एका गटाला सुचवले, प्रत्येक बैठकीत सहा पाने करा. दुसऱ्याला सुचवले, सातव्या बैठकीअखेर ४२ पाने करा. तिसऱ्या गटाला पानांचे उद्दिष्टच दिले नाही. पहिल्या गटातली मुले वेगाने पुढे गेली, त्यांची वजाबाकी सुधारली, ‘मला हे जमते’ हा विश्वास वाढला आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्यात रस निर्माण झाला. दूरचे उद्दिष्ट मिळालेल्या गटाला त्या उद्दिष्टाचा म्हणावा असा फायदा झाला नाही.

पाने तीच होती, बैठका तेवढ्याच होत्या. बदलली होती ती आपण कुठवर आलो हे कळण्याची वेळ. सहा पानांच्या गटातल्या मुलाला पहिल्याच दिवशी निर्णायक बातमी मिळाली : ठरवले होते ते झाले. दुसऱ्या गटातल्या मुलाने तितकीच पाने केली असती तरी त्याच्यापुढे अजून छत्तीस उरली होती, म्हणजे त्याला उणिवेचीच बातमी मिळाली असती. बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्यावरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले होते : स्वतः करून दाखवलेले काम, इतरांना करताना पाहणे, दुसऱ्यांनी पटवून देणे आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक अवस्थेचा लावलेला अर्थ. त्यांत स्वतः करून दाखवलेले काम सर्वांत प्रबळ. कौतुक दुबळे का पडते आणि पाऊल का टिकते, याचे उत्तर इथे आहे.

कार्ल वाइक यांनी १९८४ मध्ये हाच विचार सामाजिक प्रश्नांच्या बाबतीत मांडला. प्रश्न फार मोठा म्हणून समोर ठेवला की माणसे भांबावतात आणि त्यांची सुचण्याची शक्ती आटते. मध्यम महत्त्वाची, ठोस, पूर्ण झालेली छोटी जीत मिळाली की पुढचा मार्ग दिसू लागतो. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२,००० दैनंदिन नोंदी अभ्यासल्या. अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती होणे, ही चांगल्या दिवसाशी सर्वाधिक जोडलेली घटना निघाली. त्याच अभ्यासात पीछेहाटीचा परिणाम प्रगतीच्या परिणामाहून जास्त आढळला. प्रगतीची नोंद मुद्दाम ठेवावी लागते ती यामुळेच. पीछेहाट न लिहिताही लक्षात राहते.

मोजण्याची रीत मात्र बेक यांच्या उपचारात सर्वांत स्पष्ट दिसते. नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णाला ते काम टप्प्याटप्प्याने वाढवत देत आणि केलेल्या प्रत्येक कामापुढे ‘किती साधले’ आणि ‘किती बरे वाटले’ याचे गुण लिहायला सांगत. यांतले पहिले गुण त्या दिवशी, त्या अवस्थेत ते काम किती अवघड होते हे धरून द्यायचे असतात. ज्याला अंथरुणातून उठणेच जड जाते, त्याने दात घासले, आंघोळ केली, तर ती मोठी कामगिरी आहे. निरोगी असतानाच्या आपल्याशी किंवा शेजाऱ्याशी तुलना करून ती लहान ठरवायची नाही. आत्मनिंदा शिखरापासून खाली मोजते. इथे आपण उभे आहोत तिथून वर मोजायचे आहे.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण लहान पावलांसाठी नेहमी वापरतो. तिच्यात साठवणुकीचे मोल सांगितले आहे आणि ते खरेच आहे. पण तळे साचायला वर्षे लागतात आणि आत्मनिंदा तर आज रात्रीच निकाल देते. म्हणून पावलाचे दुसरे मोलही ध्यानात घ्यायला हवे. आज पूर्ण झालेले पाऊल आजच साक्ष देते. ‘माझ्याने काहीच होत नाही’ हे विधान सार्वत्रिक आहे आणि सार्वत्रिक विधान खोटे ठरवायला एक विरुद्ध उदाहरण पुरते. सहा पाने झाली की त्या विधानाचा आधार गेला.

५. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

पहिला आक्षेप असा : निंदेचा चाबूक टाकला तर माणूस सैलावेल. हा आक्षेप पिढ्यान्‌पिढ्या घरांत आणि शाळांत गृहीत धरला गेला आहे, म्हणून त्याची परीक्षा करायला हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये ती केली. अवघड शब्दचाचणीत पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आपल्या अपयशाकडे ममतेने पाहायला सांगितले. पुढच्या चाचणीसाठी त्यांनी इतर गटांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. कॅनडातील मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. कारण उघड आहे. पुस्तक उघडले की निंदा ऐकावी लागणार असेल, तर माणूस पुस्तकच टाळतो. वरवर आळस दिसणाऱ्या वागण्यामागे पुष्कळदा हा शरमेपासूनचा पळ असतो.

दुसरा आक्षेप : लहान पावलात समाधान मानणारा मोठे ध्येय विसरेल. बांडुरा आणि शंक यांच्या प्रयोगात सहा पानांचा हिशेब ४२ पानांतूनच निघाला होता, हे इथे आठवावे. लहान पाऊल हे कामाचे एकक आहे, ध्येयाची कपात नव्हे. तरी या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे. वेळापत्रक पुन्हा रंगवणे, नवी वही आणणे, अभ्यासाविषयीच्या चित्रफिती पाहणे ही कामेही छोटी असतात आणि पूर्ण होतात, पण ती ध्येयाच्या दिशेने जातातच असे नाही. म्हणून पाऊल मोजण्याआधी त्याची दिशा तपासली पाहिजे.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : लहान गोष्टीला मोल देणे म्हणजे स्वतःची समजूत काढणे, एक प्रकारची फसवणूक. इथे हिशेबाचा प्रामाणिकपणा कुठे आहे ते पाहू. सत्तर पाने राहिली, हे खरे. तीस झाली, हेही तितकेच खरे. जो दोन्ही लिहितो त्याचा हिशेब पुरा. जो फक्त सत्तर लिहितो, त्याने अर्धे सत्य दडवले आहे. आत्मनिंदेला आपण कठोर सत्यनिष्ठा समजतो, पण तिच्या खतावणीत जमेचा रकानाच नसतो. लहान पावलाची नोंद ठेवणारा स्वतःला कोणतीही सवलत देत नाही, फक्त हिशेब पुरा करतो.

६. घसरण : खरी परीक्षा

पावले पुढे पडत असताना ही पद्धत सोपी वाटते. तिची परीक्षा पाय घसरल्यावर होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या क्षणाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे. अॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये दाखवले की व्यसन सोडलेल्याने एक प्याला घेणे आणि त्याने पुन्हा पूर्ण व्यसनात जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांना जोडणारा दुवा मनात असतो. ‘मी प्यालो, म्हणजे माझ्यात ताकदच नाही, हे कधी बदलणार नाही, आता काय उरले?’ असा अर्थ लावला की अपराधभाव उसळतो, आणि तो बुडवण्यासाठी माणूस पुन्हा तोच प्याला उचलतो. म्हणजे घसरणीला कोसळण्यात बदलण्यात आत्मनिंदेचा मोठा वाटा असतो. पथ्य मोडल्यावर ‘आता आज मोडलेच आहे’ म्हणत ताट भरणाऱ्याच्या मनातही हीच साखळी असते.

म्हणूनच या क्षेत्रात मोजण्याचे एकक लहान ठेवले गेले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीने आयुष्यभराच्या शपथेऐवजी आजच्या दिवसाचा संकल्प केंद्रस्थानी ठेवला. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणसाला तुच्छ न लेखता आजारी माणूस म्हणून जवळ घेणे, ही त्या कामाची बैठक आहे. माणसाचा स्वीकार आणि एकेका दिवसाचा हिशेब, ही जोडी इथे प्रत्यक्ष उपचार बनली.

सवयींच्या अभ्यासातूनही याला दुजोरा मिळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ९६ व्यक्तींचा नवी सवय लावून घेतानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृती अंगवळणी पडायला सुमारे ६६ दिवस लागतात असे दिसले, पण व्यक्तिपरत्वे हा अवधी १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात. शेजाऱ्याचे दोन महिने हे आपले माप नाही, आणि चुकलेल्या दिवसाची किंमत एका दिवसाइतकीच आहे.

७. रीत

वरील विवेचनातून पावलाची चार लक्षणे ठरतात.

एक, पाऊल आपल्या हातातले असावे. एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलायला विलक्षण घाबरत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, दिसेल त्या स्त्रीशी बोलायचे असे त्यांनी ठरवले. त्यांच्या सांगण्यानुसार ते १३० जणींजवळ बसले, तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी ते बोलले, एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. निकालाने मोजले तर पदरी काहीच पडले नाही. पण ठरवले होते ते बोलणे, आणि बोलण्याची भीती त्यांनी घालवली. ‘निवड होणे’ हे पाऊल नव्हे, ‘एक प्रश्नपत्रिका सोडवून तपासणे’ हे पाऊल आहे.

दोन, ते पूर्ण झाल्याची खूण स्पष्ट असावी. ‘जास्त चालेन’ याला शेवट नाही. ‘जेवणानंतर दहा मिनिटे चालेन’ याला आहे. तीन, ते वाईट दिवशीही जमेल इतके लहान असावे. उत्साहाच्या दिवशी आखलेले पाऊल थकल्या दिवशी मोडते आणि निंदेला निमित्त देते. चार, त्याची दिशा ध्येयाकडे असावी.

नोंद लिहिताना दोन बंधने पाळावीत. वाक्य कृतीविषयी असावे, स्वभावाविषयी नसावे : ‘भूगोलाची बारा पाने वाचली, नकाशे राहिले.’ आणि झालेले आधी लिहावे, राहिलेले नंतर. आठवड्याच्या शेवटी नोंदी एकत्र वाचाव्यात आणि एकच प्रश्न विचारावा, पाऊल बदलायला हवे का? सलग काही दिवस चुकले असेल तर ते पाऊल मोठे होते, असा निष्कर्ष काढून ते लहान करावे. दोष आखणीत शोधला की दुरुस्ती सापडते.

८. मर्यादा

ही रीत सर्व दुःखांवरचा उपाय नाही. स्वतःची घृणा, सततची निराशा, जगणे नकोसे वाटणे अशी अवस्था असेल, तर एकट्याने वही भरत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे. मदत मागणे हेही मोजण्याजोगे पाऊल आहे.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. काही माणसांच्या मनातला निंदेचा आवाज मुळात बाहेरून आलेला असतो. जात, गरिबी, रंग, इंग्रजी न येणे यांवरून वर्षानुवर्षे झालेला अपमान आत मुरतो आणि स्वतःच्याच मतासारखा वाटू लागतो. अशा माणसाला केवळ ‘स्वतःत सुधारणा कर’ असे सांगणे अन्यायाचे आहे. पाऊल त्याला बळ देईल, पण अपमान करणाऱ्या व्यवस्थेचा दोष त्याने स्वतःच्या खात्यावर टाकू नये.

९. निष्कर्ष

आत्मनिंदा ही चुकीच्या मोजमापाची उपज आहे. कृतीऐवजी ती कर्त्याला मोजते, आदर्शापासून खाली मोजते आणि जमा बाजू गाळते. लहान पावलाची नोंद या तिन्ही चुका दुरुस्त करते. तिच्यात कृती मोजली जाते, आपण आहोत तिथून मोजली जाते आणि झालेले लिहिले जाते. तिने ध्येय लहान होत नाही आणि उणिवाही झाकल्या जात नाहीत. सुधारणा हे दीर्घ काम आहे, आणि दीर्घ काम करणाऱ्याला रोज कामावर परत येता आले पाहिजे. निंदा परतीची वाट बंद करते आणि पूर्ण झालेले लहान पाऊल ती खुली ठेवते. स्वतःला सुधारू पाहणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढा न्याय स्वतःला द्यावा : दिवसाचा निकाल देण्याआधी दोन्ही रकाने भरावेत.